जिंकणारच ना तुम्ही?

ग्योतोकुत राहणाऱ्या सुलेखानं लेकीसह जपानी नागरिकत्व घेतलं आणि पहिल्याच निवडणुकीत ती मोरिता-सान या उमेदवार बाईंसाठी फोन करायला बसली. सरकारच्या मुदतीच्या मध्यावर आलेली वरिष्ठ सभागृहाची निवडणूक होती. लोकमताच्या पाहण्यांत मोरिता-सानचा पक्ष सगळ्यांच्या पुढे, त्यामुळे प्रचार कार्यालयात नुसता आनंदीआनंद होता. सुलेखाच्या जिवाला मात्र चैन नव्हतं. फोनवर जो तो म्हणे, "आमचा पाठिंबा आहेच." मग मतदानाला येणार का, असं विचारलं की हसून उत्तर येई, "तुम्ही जिंकणारच आहात की!"

रविवारी ती मत देऊन आली. शाळेच्या हॉलमध्ये शुकशुकाट होता. जी चार म्हातारी माणसं दिसली, ती समोरच्या पक्षाची हक्काची मतं. प्रचार संपल्यामुळे आता फोनही करता येत नव्हता. ती घरभर येरझारा घालू लागली.

"अगं, बस जरा," तिचा नवरा उल्हास म्हणाला.

"तन्वी जाऊन आली का मत द्यायला?" तिनं एकदम विचारलं.

कॉलेजात जाणारी लेक सोफ्यावरूनच जपानीत म्हणाली, "कशाला? जिंकणारच ना तुम्ही?"

गावभर फोन केले आणि घरातच विचारायचं राहिलं! सुलेखानं तिला उठवून सायकल काढायला लावली.

मोरिता-सान थोडक्यात पडल्या. मैत्रिणींपैकी कुणीच मत दिलं नाही हे कळल्यावर तन्वी एकेकीला फोन लावून फैलावर घेत सुटली. सुलेखा ऐकत होती. इतके दिवस तिला एकटीला छळणारी तगमग आता लेकीच्याही वाट्याला आली होती.