वैकुंठरथाचं चार्जिंग

वाल्मिकची गाडी दारात थांबलेली कुणालाच आवडत नसे. खालापुरातल्या एका मंडळाची ती शववाहिनी. पांढरी, दोन्ही अंगांना मोठ्या अक्षरांत ‘वैकुंठरथ’, खाली देणगीदारांची नावं. त्यातले दोघे पुढे त्याच गाडीतून गेले, म्हणजे देणगी अगदीच वाया गेली नाही.

चहाच्या टपरीपाशी रथ लागला की टपरीवाला आपण होऊन कप गाडीपर्यंत आणून द्यायचा. “पिऊन घे रं पटकन.” असा मान आमदारालाही मिळत नाही. नाक्यावरचा नागू, गाड्यांचा वायरमन, तर लांबूनच हात हलवायचा. “बोहणी नाय झाली अजून, वाल्मिक.” दुपारी चारला गेलं तरी नागूची बोहणी झालेली नसे.

राहता राहिले लोधिवलीचे आबाजी. तेही वायरमनच, पण रथ दुकानाच्या ऐन दारात लावायला सांगत. “तुझं गिऱ्हाईक बरं. मागं बसून हॉर्न मारत नाय,” म्हणत आणि बॉनेट उघडत. मीटरच्या दोन पिना बॅटरीला लावत. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आकडा हवा. मग गाडी चालू करायची. अल्टरनेटर नीट चार्ज करत असेल तर तोच आकडा चौदाच्या घरात चढतो. तेवढ्यावर आबाजींचं समाधान नसे. हेडलाईट लाव, पंखा लाव, आता बघ टिकतो का. “नुसतं बसलेलं माणूस धडधाकटच दिसतं रं. वझं दिल्यावर कळतं.” हे सगळं ते वाल्मिकला हाताशी उभा करून दाखवत. दुसऱ्या कुणी त्याला इतका वेळ शेजारी उभाच राहू दिला नव्हता.

दिवाळी झाली आणि गाडी सकाळी उठेना. आबाजींनी पिना लावल्या. इंजिन धडधडत होतं, आकडा बाराच्या वर सरकत नव्हता. “चार्जिंग नाय होत. अल्टरनेटर खोलायला लागंल. सोमवारी आण.” सोमवारच्या आतच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात गेले ते दुसऱ्याच्या रिक्षातून, आणि परत आले ते वाल्मिकच्या गाडीतून.

त्या दिवशी भाजीवाल्यांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली होती. डिझेल गाडी, एकदा सुरू झाली की बॅटरीवाचून चालत राहते. पण तिचा डिझेलचा पंपही म्हातारा झालेला. ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला की आचका देऊन बंद. म्हणून दवाखान्यातही वाल्मिक जागचा हलला नाही, आबाजींच्या घराशीही नाही. आत आबाजींच्या बायकोचा, सोनाबाईंचा आवाज फुटला तो त्यानं सीटवर बसूनच ऐकला. तेवढ्यात फोन आला. पळसदरीच्या वरच्या वाडीतला नवशा होता.

“गोदा गेली भाऊ. माझी बायको. कर्जतच्या दवाखान्यात हाय. दुसरा गाडीवाला येत नाय.”

“दिवस मावळायच्या आत येतो,” वाल्मिक म्हणाला.

स्मशान हमरस्त्यापलीकडे, नदीकाठच्या सपाट जागेवर. फाटकापर्यंत गाडी, पुढे खांद्यावर. तालुक्यातले झाडून सगळे वायरमन आले होते. वाल्मिकला आबाजींना खांदा द्यायचा होता, बाकी काही नको होतं. त्यानं नागूला खिडकीशी बोलावलं.

“जरा इथं बस. पाय दाबून ठेव नुसता. मी खांदा देऊन येतो.”

नागूनं सीटकडे पाहिलं. “त्या सीटवर? नको रं बाबा. घरी लेकरं हायत माझी.” मग त्याच्यातला वायरमन जागा झाला. “आन् झालंय काय तिला? बॅटरीचं टर्मिनल काढून बघ. चालत राह्यली तर चार्जिंग हाय.”

“डिझेल हाय ती, नागू. बॅटरी काढली तरी चालतीच. त्यात कळायचं काय? वर काय जळलं तर ते येगळंच.”

“मग कर बंद. मागनं धक्का मारू.”

चितेला अग्नी दिला की माणसं मागं वळून न बघता घरी जातात; त्यांना मागून हाक मारायची नसते. इतकी वर्षं वाल्मिकनं फाटकाशी बसून त्या पाठीच पाहिल्या होत्या. धक्का मारायला परत आलेला एकही इसम त्याला आठवेना. आणि तिकडे नवशा बायकोजवळ बसून होता.

तिरडी खिडकीवरून निघाली. आबाजींचा मनोज हातात मडकं घेऊन क्षणभर थबकला. “वाल्मिककाका, चला ना. आबा तुमचं नाव काढायचे.”

“मनोज, गाडी बंद पडंल रं...” पण ते इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. पोराचा चेहरा उतरला. मागून कुणीतरी म्हणालं, “जिवंतपणी दारात उभं केलं त्यांनी, आन् ह्याला खाली उतरवंना.”

वाल्मिकनं पाय तसाच दाबून धरला. आरशात तिरडी झाडाआड होईतो पाहिलं आणि गाडी वळवली.

कर्जतच्या दवाखान्याच्या पायरीवर नवशा होता आणि त्याचे दोन भाऊबंद. वाडीतली बाकीची माणसं वीटभट्ट्यांवर निघून गेली होती. गोदाला आत ठेवलं. पळसदरी मागं टाकून गाडी चढाला लागली. रस्ता संपला तिथं वाल्मिकनं ती वळवली आणि उताराकडे तोंड करून उभी केली. इथून गिअर टाकून सोडली की आपसूक उचलणार होती. दिवसभरात पहिल्यांदा त्यानं पाय उचलला. गाडी आचका देऊन गप्प झाली.

पुरायची जागा अजून वर होती. तिघांनी तिरडी उचलायला घेतली, तर एक कोपरा रिकामा. वाल्मिक तिथं वाकला.

“तुमी कशाला भाऊ,” नवशा म्हणाला, “तुमी डायवर.”

“चौघं लागतात,” वाल्मिक म्हणाला.

गोदा फार हलकी होती. तरी वाल्मिकला वाटेत दोनदा थांबावं लागलं, आणि नवशाला वाटलं, माणसाला चढाची सवय नसावी.