कोहळ्यावर पारखलेला मुखवटा

आमच्या ड्रिल मास्तरांइतका एका जागी न टिकणारा प्राणी चांदा जिल्ह्याच्या सगळ्या जंगलात शोधून सापडणार नाही, आणि यात मी वाघ, माकडं आणि फॉरेस्टच्या जीपगाड्याही धरल्या आहेत. मास्तर उभ्याने जेवत. दाढी करताना अंगणात फेऱ्या मारत, त्यामुळे त्यांच्या एका गालावर आजची दाढी असे आणि दुसऱ्यावर कालची. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब त्यांना "बसा" म्हणाले, तर मास्तर "हो जी" म्हणाले आणि खुर्ची उचलून वऱ्हांड्यात ठेवून आले. मास्तरीणबाई म्हणत, "लग्नात माह्यासंग सात पावलं चालले, तवापासून थांबलेच नाई."

एका उन्हाळ्यात ते नागपूरला शिक्षकांच्या व्यायाम-शिबिराला गेले आणि येताना बेसबॉल घेऊन आले. घेऊन आले म्हणजे डोक्यात. सामान काहीच नव्हतं. दांडा गावच्या सुताराने तिवसाच्या लाकडाचा करून दिला, कुऱ्हाडीला लावतात तोच. चेंडू चांभाराने चामड्यात चिंध्या कोंबून शिवला. तो एवढा गच्च झाला की जमिनीवर पडला की तिथेच बसे. (आमच्या शाळेत स्वस्थ बसणारी ती एकच वस्तू होती.) चेंडू फेकायचं काम माझ्याकडे आलं. धानावरची पाखरं हाकताना गोफणीने माझा हात तयार झाला होता. हातात जोर होता, नेम मात्र पाखरू उडण्यापुरताच होता. हे मी आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्या नेमाशी जोडलेलं आहे.

या खेळात चेंडू झेलणाऱ्याच्या मागे अंपायर उभा राहतो. म्हणजे फेकलेला प्रत्येक चेंडू सरळ त्याच्या तोंडाकडे येतो. आणि आमच्या मास्तरांना डोळा एकच होता. डावा लहानपणी विटी-दांडू खेळताना विटीने गेला होता.

"एक डोळा विटीनं नेला. दुसरा मी चेंडूले देणार नाई," मास्तरीणबाईंनी सांगून टाकलं.

"बाजूनं उभे राहा न जी," मी भीत भीत म्हणालो.

"बाजूनं चेंडू दिसते बाबू, खरं नाई दिसत," मास्तर चालता चालता म्हणाले. "विटी-दांडूत पंच झाडाखाली बसते, म्हणून तर डोस्की फुटते."

शिबिरात सांगितलं होतं की अंपायर तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा घालतो. मास्तरांनी नागपूरच्या दुकानात विचारलं, तर दुकानदाराने त्यांच्यापुढे रावण आणि मारुती काढून ठेवले. तेव्हा मुखवटा गावातच करायचं ठरलं. दिवाळीनंतर मूल गावच्या पोरांशी सामना ठरलेला होता. मुखवटा पसंत करायचा अधिकार मात्र मास्तरीणबाईंनी आपल्याकडे ठेवला. त्यांची रीत सोपी होती. मांडवावरचा एक कोहळा काढायचा, त्याला मुखवटा घालायचा, उखळावर ठेवायचा आणि मी वीस पावलांवरून चेंडू मारायचा. कोहळा फुटला तर मुखवटा नापास, आणि रात्री त्याच कोहळ्याची भाजी.

पहिलं आलं बैलाचं मुसकं. मळणीत बैलाने धान खाऊ नये म्हणून दोरीची जाळी त्याच्या तोंडाला बांधतात, ते. मास्तर ते घालून गावातून चार फेऱ्या मारून आले, तेव्हा पाटलाच्या गड्याने विचारलं, "मास्तर, कडबा टाकू का जी?" चेंडू जाळीत अडला, पण जाळीसकट आत गेला. भाजी झाली. मग कंदिलाभोवतीची तारेची जाळी. तिच्यात मास्तरांचं फक्त नाक मावलं. मग लोखंडी चाळणी. कोहळा वाचला म्हणून आम्ही उड्या मारल्या, पण चाळणी बांधून मास्तर मैदानात उभे राहिले आणि मधून गेलेल्या कुणाच्या तरी कोंबडीला चेंडू समजून त्यांनी "बरोबर!" म्हणून हात वर केला. असे आठ कोहळे गेले. मास्तर रोज नवीन काही घेऊन येत, रोज आधीचं फेकून देत, आणि मला रात्री स्वप्नात तो उरलेला एक डोळा उखळावर ठेवलेला दिसे.

शेवटी ते तळ्याकाठच्या एका म्हाताऱ्या ढिवराकडे गेले. तो बांबूचे मासे धरायचे सापळे विणत असे आणि त्याच्यासारखी घट्ट वीण आसपास कुणाची नव्हती. मास्तरांनी त्याच्या झोपडीभोवती फिरत फिरत सांगितलं, "डोस्कं सहज गेलं पायजे. चेंडू गेला नाई पायजे. आन् मी वाकलो तरी ते निघालं नाई पायजे."

म्हाताऱ्याने शेवटच्या गोष्टीचा विचार केला. "निघणारच नाई," तो म्हणाला. "माहा शबूद आहे."

चार दिवसांनी तो स्वतः घेऊन आला. चुलीच्या धुरावर पिवळा केलेला बांबू, डोळ्यापुढे बोटभर फटी, वीण अशी की हात फिरवत राहावा. मी सगळा जोर लावून मारला. तो गच्च चेंडूसुद्धा बांबूवरून उसळून माझ्याकडे परत आला. म्हाताऱ्याने आत हात घालून कोहळा बाहेर काढला, आणि आम्ही सगळे कोहळ्यावर ओरखडा शोधत बसलो. त्याने तो कसा काढला, तिकडे कुणीच पाहिलं नाही.

"पास," मास्तरीणबाई म्हणाल्या. म्हाताराही खूश होऊन लेकीकडे धानोऱ्याला गेला.

सामन्याच्या दिवशी मास्तरीणबाई मैदानाच्या कडेला घोंगडी टाकून बसल्या होत्या. तिसऱ्याच डावात माझा एक चेंडू मूलच्या पोराच्या दांड्याला निसटता लागला, झेलणाऱ्याच्या हातांवरून उडाला आणि मास्तरांच्या तोंडावर खट्कन आदळला. बाई उठून उभ्या राहिल्या. मग बांबूच्या आतून आवाज आला, "फाऊल! पाहून काय राह्यला गा? फेक दुसरा!"

मी तो फेकला, पण डोळ्यांत पाणी होतं, म्हणून तो कुठे गेला ते मला माहीत नाही. सामना आम्ही हरलो.

आणि मग मुखवटा निघेना. मानेपाशी आतल्या बाजूला बांबूच्या काड्यांचं कडं होतं, टोकं आत वळलेली. मासा आत येताना त्या वाकतात, बाहेर जाऊ पाहील तर टोचतात. म्हाताऱ्याला आयुष्यात 'आत जाईल पण निघणार नाही' अशी एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती त्याने मन लावून केली होती. मास्तरीणबाईंनी विळा आणला. मास्तर दोन्ही हातांनी मुखवटा धरून म्हणाले, "तोडाचा नाई! यानं माहा डोळा राखला. म्हातारा येईपर्यंत राहू दे."

म्हातारा दोन दिवसांनी आला. ते दोन दिवस मास्तर बसले. चाललं की मान हलायची आणि काड्या टोचायच्या. म्हणून ते ओट्यावर भिंतीला टेकून बसून राहिले, आणि मास्तरीणबाई बांबूच्या पोकळ काडीने त्यांना पेज पाजत शेजारी बसल्या. मी माफी मागायला गेलो, तेव्हा ते बाईंना विचारत होते, "हे पारिजातक कधी लावलं?"

"नऊ साल झाले," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याने आत हात घातला, काड्या बोटांनी दाबल्या आणि मुखवटा टोपीसारखा उचलला. मास्तर उठले ते सरळ तळ्यापर्यंत जाऊन आले.

आता मी नागपूरला कॉलेजात आहे. आमच्या घरातून इथवर कुणी आलं नव्हतं. मास्तरांनी माझ्या बापाच्या मागे शेताच्या धुऱ्यावरून फिरून फिरून मला कॉलेजात धाडायला त्याला राजी केलं. मागच्या महिन्यात इथल्या व्यायामशाळेच्या कपाटात मला खरा मुखवटा दिसला. लोखंडी सळ्या, आत चामड्याची गादी, मागे पट्टा. मी तो तोंडावर धरून बराच वेळ उभा राहिलो. सुट्टीत गावी गेल्यावर मास्तरांना सगळं सांगितलं. ते अंगणात येरझारा घालत होते. केस पिकले आहेत, डोळा अजून लख्ख आहे.

"पट्टा? मंग पाहिजे तवा काढता येते?"

"हो जी. जुना झाला आहे, मागितला तर देतील. आणू का?"

चुलीच्या वर भिंतीवर तो बांबूचा मुखवटा खुंटीला लटकलेला होता, धुराने पार काळा झालेला. मास्तरीणबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली.

"काढता येते तसा नोको आणू बाबू," त्या हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ते तोवर अंगणाच्या पार त्या टोकाला, पारिजातकाजवळ पोचले होते, आणि तिथे थोडा वेळ थांबले होते.