पालकाची सही

"डबा बाहेर ठेव रे. फायलींना तुझ्या खाडीचा वास लागतो."

साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून माझा डबा व्हरांड्यातल्या खिडकीत, शिपायाच्या झाडूशेजारी. आम्ही कल्याणच्या खाडीवरचे कोळी. डब्यात सुके बोंबील असणारच.

ठाण्याच्या त्या सरकारी कचेरीत माझं काम अनुदानाच्या प्रस्तावांत त्रुटी काढण्याचं. नव्वदच्या पुढची गोष्ट. आंबिवलीहून एक बाई आल्या. कुंटणखान्यातून सोडवलेल्या मुलींना त्या सांभाळत. अनुदान आलं नाही, तर भाड्याची जागा जाणार होती. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. कपबशीतून चहा दिला. मला कधी विचारलासुद्धा नव्हता.

प्रस्तावात मुलींसाठी शिलाई मशिनी होत्या. मी जळलो. खोटं कशाला सांगू? माझी बहीण वागळे इस्टेटमध्ये दिवसभर उभी राहून औषधाच्या बाटल्या भरायची. आई मासळीची पाटी घेऊन दारोदार. सरळ राहिलेल्यांना कोणी मशीन देतं? असंच वाटलं मला.

बाई गेल्यावर साहेब म्हणाले, "काढ काहीतरी."

मी खुशीत लिहिलं : प्रत्येक मुलीच्या पालकाचे संमतीपत्र जोडावे.

पुढच्या खेपेला बाईंबरोबर एक मुलगी होती. माझ्या बहिणीएवढी. बाई आत साहेबांकडे गेल्या, ती व्हरांड्यात माझ्या खिडकीशेजारच्या बाकावर बसली.

"ते पालकांचं तुम्हीच लिहिलंत का, दादा?"

मी मान हलवली.

"बापानंच विकलं मला. आता त्याचीच सही आणू?"

मी फायलीत डोकं घातलं.

त्या दोघी गेल्या. साहेबांनी शिपायाला बाक फिनेलनं पुसायला लावला. मग माझ्याकडे वळले. "आता मुलींच्या चारित्र्याचे दाखले माग."

पुन्हा सगळे हसले. फिनेलचा वास खिडकीतल्या माझ्या डब्यावरून आत येत होता. या वेळी मला हसता आलं नाही.

"मी नाही लिहिणार, साहेब."

"का रे? तुझी कोण लागते ती?"

मी उठलो. डबा आत आणला. टेबलावर उघडला आणि जेवलो.

ती त्रुटी दुसऱ्याने लिहिली. जागा गेली. मुली कुठे गेल्या, मला ठाऊक नाही. फायलीतली पहिली त्रुटी माझ्या अक्षरात आहे. आणि मशिनींची जळजळ? तीही पुरती गेलेली नाही.

पण ती आता तशा मुलींवर निघणार नाही. बापाची सही मागणारा कागद माझ्या टेबलावरून पुढे जात नाही. का जात नाही, ते मी खाली लिहून सही करतो. साहेब, बदली करायची तर करा. तिथेही डबा टेबलावरच उघडेन.