मल्लिनाथनं जादा किती मागितले?

स्वतःकडे पैसा आला की माणूस गप्प होतो आणि मित्राकडे आला की बोलायला लागतो. आमच्याकडे किस्से साठतात ते असे. नवी पेठेत माझं टॉवेल-चादरीचं दुकान आहे आणि वरच्या माडीवर चिदानंद या शेअर ब्रोकरचं ऑफिस. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही चौघं तिथं चहाला जमतो. मी, पॉवरलूमवाला श्रीनिवास, ट्रान्सपोर्टवाले नजीरभाई आणि मंद्रूपचा तूरडाळवाला मल्लिनाथ. चौघांकडेही एकाच रिअल इस्टेट ट्रस्टची युनिटं, म्हणजे शेअरसारखे हिस्से आहेत. मल्लिनाथकडे सगळ्यांत जास्त. हे लिहितानाही माझ्या पोटात दुखतंय.

*

या ट्रस्टच्या मोठमोठ्या ऑफिसच्या इमारती आहेत. भाडं येतं, ते युनिटवाल्यांत वाटलं जातं. मल्लिनाथ पुण्याला एका लग्नाला गेला, तेव्हा त्यातली एक इमारत बघायला गेला. वॉचमननं अडवलं.

"कुणाला भेटायचंय?"

"कुणाला न्हाय. मालक हाय मी."

वॉचमनला काय करावं ते कळेना. शेवटी त्यानं मल्लिनाथला खालच्या मजल्यावरचा संडास तेवढा वापरू दिला. परत आल्यावर आम्ही विचारलं, "कशी आहे इमारत?"

"भाडेकरू बरे हायत. संडास स्वच्छ ठेवलाय."

इमारतीसमोर काढलेला फोटो त्यानं कितीतरी दिवस स्टेटसला ठेवला होता. मी रोज बघायचो. कोण बघतंय ते त्याला दिसतं, हे मला फार उशिरा कळलं!

*

मग ट्रस्टनं राइट्स इश्यू काढला. म्हणजे ज्याच्याकडे आधीची युनिटं आहेत, त्याला त्या प्रमाणात नवीन घ्यायचा हक्क. शिवाय कुणी आपला हक्क वापरलाच नाही, तर ती उरलेली युनिटं 'जादा' मागणाऱ्यांत वाटणार.

श्रीनिवासनं घाईघाईनं आपला अर्धा हक्क बाजारात विकून टाकला. भाव चांगला आला म्हणून आम्हाला कांदाभजी खाऊ घातली. भजी संपल्यावर चिदानंदला म्हणाला, "आता माझं जादा पण टाक की."

"तुला मिळत नाही. हक्क विकला की जादा मागता येत नाही."

"का?"

"पंगतीत आपल्या ताटातली जिलबी शेजाऱ्याला विकली, तर वाढपी परत येईल का तुझ्याकडं?"

श्रीनिवासनं भज्यांचा रिकामा कागद चुरगळला. भजी आम्ही खाऊन बसलो होतो. एक स्पर्धक कमी झाला म्हणून मला ती फारच चविष्ट लागली होती.

*

अर्ज केला की तेवढे पैसे बँक आपल्याच खात्यात अडवून ठेवते. नजीरभाईंनी जादाचा आकडा जरा सढळ हातानं टाकला आणि खातं जवळजवळ सगळंच अडकलं. घरी भाभींनी किराण्याला पैसे मागितले.

"ब्लॉक हो गया सब," नजीरभाई म्हणाले.

"कौन करी तुमको ब्लॉक?" भाभींनी विचारलं. "नंबर दिखाओ उसका."

त्या दिवशी नजीरभाईंचा डबा आला नाही. त्यांनी आमच्याबरोबर पोहे खाल्ले आणि फोन भाभींकडे असल्याचं सांगितलं.

*

आता खरी गोष्ट सांगतो. आम्हा सगळ्यांना एकच प्रश्न खात होता. मल्लिनाथ जादा किती मागणार? तो सांगेना. आम्ही चहाला विचारलं, पानाच्या टपरीवर विचारलं. "बघू की," एवढंच. चौघांत मी खालच्या पायरीवर आणि सगळ्यांत वर तो, हे मला कायमचं मोडायचं होतं. निदान या जादात तरी.

शेवटची तारीख जवळ आली, तेव्हा मी त्याला श्रीपूरजवळ माझ्या मेव्हण्याच्या, बायकोच्या भावाच्या, शेतावर हुरड्याला नेलं. तारीख उलटेपर्यंत दोन दिवस तिथंच अडकवायचं, असा माझा बेत. मेव्हण्याला सांगून ठेवलं होतं, की गाडी बिघडलीय म्हणायचं. मल्लिनाथनं गरम हुरडा तोंडात टाकला, शेंगाचटणी घेतली, बांधावर बसून खिशातून फोन काढला आणि अंगठ्यानं काहीतरी दाबलं.

"झाला की अर्ज," तो म्हणाला. "हितं रेंज लई चांगली हाय."

वर मेव्हण्यानं त्याला घरी न्यायला पिशवीभर हुरडा बांधून दिला. मला नाही दिला.

*

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ आपल्या थोरल्या बहिणीला, गिरिजाक्कांना, अक्कलकोटहून घेऊन ऑफिसात आला. ट्रस्टच्या पहिल्या इश्यूत नंबर लागावा म्हणून त्यानं तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या नावानं अर्ज केले होते. अक्कांना युनिटं लागली होती. आता त्यांचा हक्कही त्याला आपल्याकडे हवा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला एकही बहीण नाही!

चिदानंद अक्कांना समजावू लागला. "काही नाही अक्का, रिनाउन्स करायचं."

"म्हंजे?"

"हक्क सोडायचा. भावाच्या नावानं."

अक्कांनी हातातला कप खाली ठेवला. भावाकडे बघून म्हणाल्या, "मंद्रूपच्या शेताचा हक्क सोडले, तवा साडी दिलास. ह्याला काय देतोस?"

"घेऊ की अक्का. चांगली इरकल घेऊ."

"साक, पुरे. साड्या लई झाल्या." मग चिदानंदला विचारलं, "ह्यात जादा बी मागता येतंय म्हनं?"

"येतं की."

"मल्लू, तू किती मागितलास?"

मल्लिनाथनं खाली बघत, हळूच आकडा सांगितला. मी ऐकला. माझ्यापेक्षा बराच जास्त होता.

अक्कांनी पदर सारखा केला.

"चिदानंदा, माझ्या नावावर त्याच्यापेक्षा एक जास्त लिव."