पालथी वाटी

सुलाबाई परभणीच्या कृषी विद्यापीठात, मुलांच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये एकतीस वर्षं स्वयंपाकाला होत्या. आता त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि रोज सकाळी साडेसहाला विद्यापीठाच्या रस्त्यावर योगिनीच्या आणि माझ्या पुढे दहा पावलं चालतात. योगिनी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेली लिपिक, मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते. आम्हाला धाप लागली की सुलाबाई मागे न बघता म्हणतात, "या, या. बैलगाडी आली का? सांजंपर्यंत पोचताल."

मेसमध्ये त्या रोज प्रत्येक भांड्यातलं थोडं थोडं एका ताटलीत काढून ठेवत आणि त्यावर वाटी पालथी घालत. कुणाची बस चुकली, कुणाला शेतावर प्रयोगाला उशीर झाला, तर ती ताटली त्याची. कुणीच आलं नाही, तर शाळेतून येणाऱ्या त्यांच्या लेकीची, सुकेशनीची. गव्हाच्या पोत्यावर बसून, वाटी उचलून ती जेवायची आणि तिथंच अभ्यास करायची. सुलाबाई स्वतः मात्र सगळ्यांच्या शेवटी, खरकट्या भांड्यांशेजारी, उभ्यानं जेवायच्या. खिडकीतून हाका यायच्या, "ए बाई, भाकरी!" ती हाक त्यांना किती लागायची, हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही चालण्याचा वेग न कमी करता.

सुकेशनी त्याच विद्यापीठातून कृषी पदवीधर झाली आणि बियाण्यांच्या कंपनीत लागली. सुलाबाईंनी वसतिगृहात पेढे वाटले. तीन वर्षांपूर्वी मुलीनं ती नोकरी सोडली आणि संभाजीनगरच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकाला लागली.

"मी चुलीपुढं जल्म काढला ते पोरगी खुर्चीत बसावी म्हनून," सुलाबाई म्हणाल्या. "आन् तिनं खुर्ची सोडून उलथनं धरलं."

तेव्हापासून मायलेकींचं फोनवरचं बोलणं "जेवलीस का?" याच्या पुढे गेलं नाही. संभाजीनगर गाडीनं साडेतीन-चार तासांवर, पण लेक कुठं राबते ते पाहायला त्या एकदाही गेल्या नाहीत. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कंपनीत हाय."

मागच्या डिसेंबरात आम्ही तिघी वेरूळची लेणी पाहायला गेलो. माझ्या डायरीत त्या सहलीची सहा पानं आहेत. त्यातलं एक पान लेण्यांचं, बाकीची पाच दुसऱ्या दिवसाच्या दुपारची.

१४ डिसेंबर, शनिवार. सव्वाअकरा वाजता संभाजीनगरच्या आमच्या लॉजच्या पायऱ्या उतरता उतरता सुलाबाई थांबल्या. "आज पोरीच्या हाटेलात जेवू," त्या म्हणाल्या. "पन तिला सांगायचं न्हाई. गिऱ्हाईक म्हनून बसायचं. तिला तिथं कोन 'ए' म्हनतंय का, ते मला बघायचंय."

योगिनीनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही रिक्षा केली.

हॉटेल थंडगार होतं आणि इतकं शांत, की योगिनी कुजबुजत बोलायला लागली. मेनू इंग्रजीत होता, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. पदार्थांची वर्णनं चार-चार ओळींची. मी एक वाचून मराठीत सांगितलं, "ज्वारीच्या पिठाच्या हातानं वळलेल्या कड्या, लसणाच्या रश्शात."

"म्हंजे शेंगोळे की," सुलाबाई म्हणाल्या. "एवढं का लांबवलंय?"

पहिली ताटली आली. तळहाताएवढी. तिच्यात रुपयाएवढ्या चार भाकऱ्या, प्रत्येकीवर चिमूटभर अंबाडीची भाजी.

"हे वाढलंय, का दाखवायला आणलंय?" योगिनीनं विचारलं.

मी समजावलं, की इथं ताट येत नाही. अशाच छोट्या ताटल्या एकामागून एक येतात, मधे ठेवायच्या आणि सगळ्यांनी वाटून खायच्या.

"मग हा नैवेद्यच," योगिनी म्हणाली, आणि एक भाकरी एका घासात संपवली. आम्हीही एकेक खाल्ली. उरलेल्या चौथीकडे योगिनीचा हात गेला. सुलाबाईंनी त्यावर चापट मारली.

"ठेव. करनारी जेवली नसंल अजून."

वेटर आला. राहिलेली भाकरी पाहून त्यानं विचारलं, "आजी, आवडलं नाही का?"

"लय आवडलं," सुलाबाई म्हणाल्या. तो गोंधळून ताटली घेऊन गेला.

दुसरी ताटली धपाट्यांची. तीन खाल्ली, एक गेलं परत. तिसऱ्या ताटलीत पानाच्या द्रोणात मुरमुऱ्यांचा सुशीला होता. तोही तळाशी उरवायला लावला. आता वेटरबरोबर त्याचा वरिष्ठ आला. काही चुकलंय का, बदलून देऊ का, असं तो अगदी काकुळतीनं विचारत होता. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी आम्हाला काटा-चमचा धरायला शिकवलं होतं, नाखूष न दिसता खायलाही शिकवलं होतं, पण उरलेल्या घासाचं काय सांगायचं, ते शिकवलं नव्हतं. मी नुसतीच हसले.

मग शेंगोळे आले. सुलाबाईंनी पहिला घास घेतला आणि त्या बराच वेळ चावत राहिल्या. शेंगोळे तसे चावायला लागत नाहीत.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"गप खा."

ताटलीत एक कडी उरली. सुलाबाईंनी ती चमच्यानं कडेला घेतली, थोडा रस्सा तिच्यावर सोडला, समोरची चटणीची वाटी रिकामी करून पदरानं पुसली आणि त्या कडीवर पालथी घातली.

"ही आत न्या," त्यांनी वेटरला सांगितलं. "वाटी काढू नका. जिनं केलं, तिच्याम्होरं ठिवा."

"पॅक करून देऊ का, आजी?"

"पॅक नगं. सांगितलं तेवढं करा."

तो गेल्यावर योगिनी म्हणाली, "सुलाबाई, मुलीला सांगायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"म्या कुठं काय सांगितलं? म्या तर वाटी ठिवली."

त्यांनी हातरुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मी घड्याळ पाहिलं. एक वाजून बावीस मिनिटं.

एक पंचविसाला स्वयंपाकघराचं दार उघडलं. पांढरा कोट घातलेली सुकेशनी, हातात तीच ताटली, वाटी तशीच पालथी. वाटेतला वेटर बाजूला होत म्हणाला, "शेफ मॅडम, हेच टेबल." सुलाबाईंनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडेच बघत होते.

"माय," सुकेशनी म्हणाली, "तू तिकडून ताटल्यावर ताटल्या परत धाडायलीस, आन् आत माझे लोक परेशान. मी दोनदा मीठ चाखलं. फोन करता येत न्हवता?"

"जेवलीस का?" सुलाबाईंनी विचारलं.

तीन वर्षांत फोनवर रोज विचारलेला प्रश्न. पण या वेळी खुर्ची ओढून ती आईशेजारी बसली, वाटी उचलली आणि कडी बोटांनीच खाल्ली.

"आता सांग. कसे झालेत?"

"लसूण कमी."

"माय, इथल्या लोकायला एवढा चालत न्हाई."

"लोकायला काय कळतंय? तू कुनाच्या हातचं खाऊन वाढलीस?"

दोघी एकदमच हसल्या. शेजारच्या टेबलावरचे वळून पाहायला लागले आणि योगिनीचं कुजबुजणं तिथंच संपलं. सुकेशनीनं आणखी एक ताटली शेंगोळे मागवले, या वेळी लसूण सढळ हातानं. ती आणणारा माणूस ताटली ठेवून तिला 'मॅडम' म्हणाला, आणि ती आमच्याबरोबर बसून पोटभर जेवली.

मग सुलाबाई उठल्या. "चल, तुझं सैपाकघर दाखव." पंधरा मिनिटांनी आल्या त्या थेट अहवाल देतच. "भांडी घासायला दोघं येगळे हायेत. चूल कमरेएवढी, वाकावं लागत न्हाई. आन् त्या शेगडीवाल्या माणसाला मी कालवन ढवळून दाखवलं. उलटं ढवळत व्हता."

"त्यानं ऐकलं?" मी विचारलं.

"न ऐकून जातो कुठं? शेफ मॅडमची माय हाय मी."

आमची गाडी चुकता चुकता राहिली. डब्यात समोर सेलूला उतरणारी एक बाई बसली होती. जालना गेल्यावर तिची चौकशी सुरू झाली. आम्ही कुठल्या, कुठं गेलो होतो, लेकरं किती. शेवटी तिनं सुलाबाईंना विचारलं, "लेक काय करती तुमची?"

योगिनी खिडकीबाहेर बघायला लागली. मीही चष्मा पुसायला काढला. उत्तर आम्हा दोघींना पाठ होतं.

"सैपाक करती," सुलाबाई म्हणाल्या. "हाटेलात."

"अगं बाई, हाटेलात?"

"हौ. लसूण जरा कमी टाकती." त्यांनी सुकेशनीनं दिलेला डबा उघडला आणि त्या बाईच्या हातावर एक धपाटं ठेवलं. "पन बसून जेवती. टेबलावर, आमच्या पंगतीला. खाऊन बघा."