टाळ्या संपल्यावरच्या दोन टाळ्या

आमच्या सोसायटीत शालन खांबेटे यांच्याबद्दल एक अफवा आहे. रेडिओवाले म्हणे त्यांना टाळ्या वाजवायचे पैसे देतात. 'साडेनऊचा चहा' हा विनोदी कार्यक्रम दर रविवारी सकाळी आमच्या बावीस घरांपैकी निदान नऊ घरांत लागतो. श्रोत्यांना समोर बसवून त्याचं रेकॉर्डिंग होतं. प्रत्येक भागाच्या शेवटी सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या की मागून दोन टाळ्या येतात. टप्. टप्. कुणीतरी हाताचं पीठ झटकावं तशा. त्या शालनकाकूंच्या. "पगारी आहेत त्या," तळमजल्यावरच्या भाग्यश्री मॅडम अगदी खात्रीने सांगतात. "शेवटी दोन जास्त असतात ना, तो ओव्हरटाइम."

अफवा साफ खोटी आहे. ओव्हरटाइमचा विनोद माझा आहे. अफवाही माझीच.

त्याचं असं झालं. मी नकला करते. इस्त्रीवाल्यापासून आमच्या फिजिक्सच्या सरांपर्यंत कुणाचाही आवाज मला दोन दिवसांत येतो. मागच्या गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर मी शालनकाकू केल्या. नाकावर चष्मा, मांडीवर पर्स, सगळे थांबल्यावर टप्, टप्, आणि मग हात पुढे करून, "पैसे?" लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट भाजीवाल्याने मला ताजी बातमी म्हणून सांगितली.

काकू त्या दिवशी पहिल्या रांगेत होत्या. हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. नंतर जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "चष्मा मी उजव्या हाताने सारते. तू डाव्याने सारलास." आणि गेल्या. इतकं वाईट परीक्षण मला आजवर मिळालेलं नाही, कारण ते बरोबर होतं.

काकूंनी एकतीस वर्षं स्वारगेटला एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीत काढली. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी त्यांची वाक्यं अजून त्या खिडकीच्या अर्धगोल भोकातूनच बाहेर येतात. विचाराल तेवढंच उत्तर, आणि मग "पुढे." एकदा मी त्यांची बेल वाजवून विचारलं, "काकू, घरी आहात का?" त्या म्हणाल्या, "दार कुणी उघडलं मग?" या एका वाक्यात तीन चढउतार आहेत. मला ते नीट यायला महिना लागला.

रेडिओचे पास मिळवण्याची त्यांची तऱ्हा मात्र मला कधीच जमली नसती. इतकी वर्षं त्या कार्यक्रमाचा एक नियम होता: ज्याचं पत्र कार्यक्रमात वाचलं जाईल, त्याला पुढच्या रेकॉर्डिंगचे दोन पास पोस्टाने घरी. लोक दहा-दहा पोस्टकार्डं टाकायचे. आपला कार्यक्रम फार आवडतो, आम्ही सहकुटुंब ऐकतो, वगैरे. काकू एकच टाकायच्या. "गेल्या भागात नवरा तीन जिने चढून आला, पण धाप एकाच जिन्याची लागली होती." किंवा, "चहा कपात ओतल्याचा आवाज गार पाण्याचा होता. गरम चहाचा आवाज जरा खालच्या पट्टीतला असतो." असं पत्र वाचून दाखवल्याशिवाय कुणाला राहवेल? मी स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही ओतून ऐकलं. काकूंचं बरोबर आहे. कुणाच्या तरी कानाचा मला हेवा वाटला, असं तेव्हा पहिल्यांदाच झालं.

दोन पास लागायचे, कारण दुसरा त्यांच्या यजमानांचा, गोपाळकृष्णकाकांचा. काका गणिताचे मास्तर होते. विनोद झाला की ते तो आधी तपासून बघायचे आणि मग हसायचे, त्यामुळे सगळा हॉल टाळ्या वाजवून मोकळा झाला की काकांच्या टाळ्या निघायच्या. मोजून दोन. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. तेव्हापासून काकू एकट्या जातात. दुसरा पास त्या पाकिटात घालून परत पाठवतात. आणि सगळे थांबले की काकांच्या दोन टाळ्या त्या वाजवतात.

हे मला कळलं जानेवारीत, डबा परत द्यायला गेले होते तेव्हा. रविवार होता. काका खुर्चीत, शेजारच्या स्टुलावर रेडिओ. कार्यक्रम संपत आला होता. टाळ्या पडल्या, विरल्या, आणि मागून आलं: टप्. टप्. काकांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. ओठ जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"पोचलो," काका म्हणाले.

काकू शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं."

मी डबा ठेवून खाली आले. मी माणसांचे आवाज काढते, पण या बाई चार वर्षं, भरलेल्या हॉलमध्ये, स्वतःचं हसं करून घेत, नवऱ्याचा उशीर हुबेहूब काढत होत्या. आणि मी स्टेजवर हात पुढे करून "पैसे?" म्हटलं होतं. तरीही मी अफवा मागे घेतली नाही. खरं सांगायचं तर त्या नकलेला अजून फर्माईश येत होती.

एप्रिलमध्ये रेडिओवर जाहीर झालं की 'साडेनऊचा चहा' बंद होतोय. एकच भाग उरला. काकांनी विचारलं, "शेवटचा?" काकू म्हणाल्या, "शेवटचा." काकांनी विचारलं, "जाशील?" काकू म्हणाल्या, "नाही तर काय, घरात बसून वाजवू?"

पण या वेळी पत्रं बंद होती. सोमवारी सकाळी दहाला मोबाइलवर बुकिंग, पास फुकट, जागा एकशे वीस. काकूंकडे बटणांचा फोन. मग मी माझा फोन, आईचा फोन आणि आमच्या पुष्करदादाचा लॅपटॉप असं सैन्य मांडून बसले. तिन्हीवर चक्र फिरत राहिलं. दहा वाजून तीन मिनिटांनी तिन्हीवर एकदमच आलं, "सर्व जागा भरल्या आहेत." मी धावत तिसऱ्या मजल्यावर गेले.

"काकू, संपले!"

"काय, पोहे?"

"पास हो! तीन मिनिटांत. एकशे वीसच्या एकशे वीस."

"बरं."

"बरं काय? आता कशा जाणार तुम्ही?"

"चालत."

"पासाशिवाय आत सोडणार नाहीत, काकू. पैज लावते."

काकूंनी चष्मा वर सारला. उजव्या हाताने. "लाव. मी हरले तर पुढच्या गणपतीत तुला माझा खरा चष्मा देईन आणि समोर बसवून शिकवीन."

मी हवेतच गेले. "आणि मी हरले तर?"

"तर घरोघर जायचं. बेल वाजवायची. शालन खांबेटेंना कुणी छदाम देत नाही, ते मी पसरवलं, असं सांगायचं. स्वतःच्या आवाजात."

"बावीस घरं?"

"एकवीस. आमचं सोड. तुमचं धर. तुझ्या आईलाही तसंच वाटतं."

मी हात पुढे केला, काकूंनी टाळी दिली. आम्ही हात मागे घेतल्यावर खुर्चीतून काका हसले.

रेकॉर्डिंग गुरुवारी साडेचारला होतं. कसबा पेठेतून पूल ओलांडून आम्ही अडीचलाच रेडिओच्या फाटकावर पोचलो. काकूंकडे छत्री, पाण्याची बाटली आणि एक पाठकोरी वही. मी साक्षीदार म्हणून. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खिशावर 'पृथ्वीराज' अशी पट्टी होती.

"आज्जी, पास हाय का?"

"नाही."

"मग आत नाय सोडता येणार."

"सोडा म्हटलं का मी?"

"मग?"

"ती सावली कुणाची आहे?"

पृथ्वीराजने वळून बघितलं. "झाडाची."

"मग तिथे बसते."

तासाभरात आणखी माणसं यायला लागली. पोस्टकार्डवाली. बटणांच्या फोनवाली. नातवाने करून देतो म्हटलं आणि विसरला, अशी तर पाच जण. प्रत्येकाला काकू वहीचा चतकोर कागद फाडून नंबर लिहून देत होत्या. पहिला नंबर त्यांचा स्वतःचा, कारण त्या पहिल्या आल्या होत्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तू साक्षीदार आहेस. शेवटचा घे."

समोरून मोबाइल दाखवत पासवाले आत जात होते. काकू वहीत रेघा मारत होत्या. चार पंचवीसला रेघा मोजल्या: सदुसष्ट.

"एवढेच कसे?" मी म्हणाले. "बाकीचे कुठे गेले?"

"कुठे जातील? घरी आहेत. तिकीट काढणारा आणि गाडीत बसणारा ही दोन वेगळी माणसं असतात. एकतीस वर्षं बघितलंय. त्यात हे फुकट."

"पण दार तर लावतायत!"

खरंच पृथ्वीराज फाटकाला लागूनच असलेल्या हॉलचं दार ओढत होता. दार अर्धं मिटलं तशी मला उकळ्या फुटायला लागल्या. "काकू, चष्मा घरी गेल्यावर द्या, घाई नाही."

"श्शू. ऐक."

आतून टाळ्या आल्या. रेकॉर्डिंगच्या आधी माइकचा आवाज लावून घेण्यासाठी लोकांना एकदा वाजवायला सांगतात, त्या. पत्र्यावर चार गारा पडून थांबाव्यात तसं वाटलं. पोकळ. मागे भिंतीला आपटून परत आलेला आवाजही ऐकू येत होता.

"रिकाम्या खुर्च्या वाजतायत," काकू म्हणाल्या आणि बाटलीला झाकण लावून ती पिशवीत ठेवली. "आता येईल कुणीतरी."

आणि आला की हो! गळ्यात हेडफोन अडकवलेला, कपाळावर घाम. कार्यक्रमाचा रेकॉर्डिस्ट, तेजस. "पृथ्वीराज, बाहेर कोणी आहे का? पास नसला तरी चालेल, फक्त लवकर..." झाडाखालची सगळी माणसं एकदम उठली.

"बसा," काकू म्हणाल्या. सगळी बसली. तेजसही क्षणभर खुर्ची शोधतोय असं वाटलं. "किती हवेत?"

"पन्नास खुर्च्या आहेत..."

"तेवीस आहोत. नंबराने. एक, खांबेटे. पुढे."

ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. दोन मिनिटांत बावीस माणसं आत आणि मागून तेविसावी मी, पैज हरलेली.

पण आत खरी धडधड पुढेच होती. सुरू करायच्या आधी तेजस स्टेजवर आला. "एक विनंती आहे. शेवटच्या टाळ्या सगळ्यांनी एकदम थांबवा. इतकी वर्षं कुणीतरी मागून दोन टाळ्या वाजवतंय. आज टाळ्यांवर लगेच संगीत घ्यायचंय. मागून काही आलं तर मला कापावं लागेल."

काकू उभ्या राहिल्या. सगळ्या माना वळल्या.

"त्या मी वाजवते. पण माझ्या नाहीत. घरी एक जण ऐकतात, त्यांच्या आहेत."

बसल्या. एवढंच. तेजस काहीतरी विचारणार होता, पण त्याने घड्याळ बघितलं. "सुरू करू," एवढंच म्हणाला. हो नाही आणि नाहीही नाही.

शेवटी टाळ्या पडल्या, खूप वेळ पडल्या, थांबल्या. काकूंनी पर्स बाजूला ठेवली आणि दोन वाजवल्या. सांगूनसवरून, भर हॉलमध्ये. माझी हिंमत झाली नसती.

रविवारी साडेनऊला मी काकूंच्या घरात हजर. भाग कसा झाला ते मला विचारू नका, मी फक्त शेवटाची वाट बघत होते. टाळ्या आल्या. विरत गेल्या. आता संगीत येणार म्हणून मी दात आवळून धरले. संगीत आलं नाही. रेडिओवर नुसती शांतता, इतकी, की मला वाटलं सेल गेले.

टप्. टप्.

आणि मग संगीत.

काकांनी बोट वर केलं. "पोचलो."

"बरं," काकू म्हणाल्या. मान खालीच होती, पण सोललेले दाणे त्यांनी सालांच्या ढिगात टाकले, आणि सालं वाटीत.

त्याच संध्याकाळी सहा वाजता मी तळमजल्यापासून सुरुवात केली. काकू जिन्याच्या वळणावर कठड्याला हात टेकून उभ्या, देखरेखीला. भाग्यश्री मॅडमनी दार उघडलं. मी घसा खाकरला आणि म्हणाले, "शालन खांबेटे यांना टाळ्यांचे कुणी पैसे देत नाही. ते मी पसरवलं. खोटं होतं."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हा कुणाचा आवाज?"

"माझा."

"नाही जमला," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

वरून, जिन्याच्या वळणावरून, आवाज आला, "पुढे."