सदतीस अंश

पीव्हीसीचे पाइप जळगावात पोरासोरांनाही ठाऊक. पण त्याच पीव्हीसीच्या नळीत रक्त घेतलं की ते लवकर गोठतं. ही वस्तू परकी आहे हे रक्ताला कळतं. ती परकी वाटू नये म्हणून एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी नळीच्या आतल्या अंगाला पाणी धरून ठेवणाऱ्या रेणूंच्या साखळ्या जोडत होते. माझ्या नळीत रक्त गोठायला साध्या नळीच्या दुप्पट वेळ लागला आणि धुळ्याच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं.

चार दिवस आधी वही नीट वाचली. चाचणी शरीराच्या तापमानाला, सदतीस अंशांवर करायची. आमचं पाण्याचं भांडं फक्त तापायचं, गार करायची सोय नव्हती, आणि मे महिन्यात दुपारी खोलीच त्रेचाळीसवर. माझ्या नळ्या मी सकाळी तपासल्या होत्या, साध्या नळ्या दुपारी. उष्णतेनं रक्त लवकर गोठतं. म्हणजे निम्मी करामत उन्हाची असू शकत होती.

माझ्या वडिलांच्या, आबांच्या छापखान्यात, चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. लोकांशी खोटं बोलू नये हे मला कुणी वेगळं शिकवलं नाही. सरांना सांगितलं, हा निबंध मी वाचणार नाही. जनतेच्या पैशावर चाललेल्या प्रयोगशाळेत अशी फसवणूक...

सर म्हणाले, "नको वाचूस. पण भाषणही नको. बर्फ आण."

रसवंतीवरून लादी आणली, फोडून भांड्यात टाकत राहिलो. काटा सदतीसवर आला. आता ताजं रक्त हवं होतं. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे दंड आधीच टोचून झाले होते. पाचोऱ्याहून मला भेटायला आलेल्या आबांनी बाही वर केली.

"रगत देऊ, रगत देऊ, लिखी लिखी केस पिकनात," ते रक्त घ्यायला आलेल्या नर्सबाईंना म्हणाले. "आज खरंच देस, ल्या."

आणि सुई दिसताच त्यांनी डोळे गच्च मिटले.

एक साधी, एक माझी अशा नळ्यांच्या चार जोड्या एकाच भांड्यात ठेवल्या. दर अर्ध्या मिनिटाला नळी कलती करून बघायचं. पहिल्या जोडीतल्या साध्या नळीतलं रक्त हलेनासं झालं. माझ्या नळीतलं अजून घरंगळत होतं. आणखी चारदा कलती केली, मग तेही थांबलं. उरलेल्या तिन्ही जोड्यांत थोड्याफार फरकानं तसंच झालं.

दुप्पट नव्हतंच, जेमतेम दोन मिनिटांचा फरक. हेच आकडे मी धुळ्याला वाचले, तेव्हा एका प्राध्यापकांनी विचारलं, एवढ्याशा फरकासाठी एवढा खटाटोप? मी म्हटलं, हो सर, एवढाच आहे. आणि मजेत खाली येऊन बसले.